बिअर किती थंड असावी?

बाहेरच्या पाटीवर आजचा विषय वाचून दोन प्रकारची माणसं आत आलेली दिसतात. एक, ज्यांना बिअरमध्ये रस आहे. दुसरी, ज्यांना तत्त्वज्ञानाचा एक निवृत्त प्राध्यापक बिअरवर काय बोलणार याची उत्सुकता आहे. (हशा) दोघांचंही स्वागत. जे घेत नाहीत त्यांनी घ्यायला लागावं असा माझा अजिबात हेतू नाही. त्यांच्यासाठी आमरस आहे, माठाचं पाणी आहे. मुद्दा तोच राहतो.

आपल्याकडे परमिट रूममध्ये बसल्यावर बिअरबद्दल एकच प्रश्न विचारला जातो. "चिल्ड आहे ना?" कोणत्या प्रकारची आहे, कधी भरलेली आहे, हे कुणी विचारत नाही. वेटर बाटली आणतो, आपण हात लावून बघतो, आणि हाताला चटका बसेल इतकी गार असली की मान डोलावतो. म्हणजे बिअर चांगली की वाईट याचा निकाल हातानं दिला. जीभ आणि नाक यांना अजून बोलावलेलंच नाही.

आज मला एवढंच सांगायचं आहे की प्रत्येक प्रकारच्या बिअरचं पिण्याचं योग्य तापमान वेगळं असतं, त्याला कारणं असतात, आणि ती कारणं समजली की "मला यातला फरक कळत नाही" असं म्हणणाऱ्या पुष्कळ लोकांना कळेल की दोष त्यांच्या जिभेचा नव्हता.

थंडी चवीचं काय करते

आधी आपल्या घरातलं उदाहरण घेऊ. आमरस फ्रिजमध्ये रात्रभर ठेवला आणि तसाच वाटीत घेतला तर पहिले दोन घास बेताचे लागतात. "यंदा आंबा तितका गोड नाही" असं कुणीतरी म्हणतं. तोच रस पंधरा मिनिटं बाहेर राहिला की गोड होतो, घमघमतो. आंबा तोच. उलट उदाहरण म्हणजे आइस्क्रीम. ते पूर्ण वितळल्यावर प्यायलं तर अति गोड, जवळजवळ नकोसं लागतं, कारण साखर घालणाऱ्यानं ते गोठलेलं खाल्लं जाणार हे गृहीत धरून जास्त घातलेली असते. कोमट झालेलं कोला पेयही याच कारणानं घशाखाली उतरत नाही.

याचं कारण जिभेत आहे. गोड आणि कडू चव मेंदूपर्यंत पोचवणाऱ्या पेशींमध्ये एक प्रथिन असतं, टीआरपीएम५ नावाचं. दरवाजासारखं काम करतं. २००५ साली बेल्जियममधल्या लूवेन विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की हा दरवाजा उष्णतेवर उघडतो. १५ ते ३५ अंश सेल्सियस या टप्प्यात त्याचं काम झपाट्यानं वाढतं. जीभ फार गार झाली की गोडी कमी पोचते. त्याच्या आधी, २००० साली, क्रूझ आणि ग्रीन या दोन अमेरिकी संशोधकांनी याहून गमतीची गोष्ट प्रसिद्ध केली होती. जिभेवर काहीही न ठेवता नुसती जीभ गरम किंवा गार केली, तर काही लोकांना चव लागते. गरम करताना किंचित गोड, गार करताना आंबट किंवा खारट. पदार्थ नाहीच, फक्त तापमान.

दुसरी गोष्ट नाकाची. आपण ज्याला चव म्हणतो त्यातला मोठा भाग वास असतो. सर्दी झाली की जेवण बेचव लागतं ते त्यामुळे. वास म्हणजे पदार्थातून उडालेले रेणू, आणि उडायला उष्णता लागते. गरम वरणभातावर तूप घातल्यावर जो वास येतो तो गार भातावर येत नाही. बिअरमध्ये हे उडणारे रेणू पुष्कळ असतात. हॉप्सची फुलं असतात त्यांचा संत्र्याच्या सालीसारखा, गवतासारखा, कधी देवदाराच्या लाकडासारखा वास. भाजलेल्या सातूचा, म्हणजे माल्टचा, पावाच्या कडेसारखा, कॉफीसारखा वास. आणि आंबवताना यीस्टनं तयार केलेला फळांचा वास. बव्हेरियातल्या गव्हाच्या बिअरला चक्क पिकल्या केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. त्यात ना केळं असतं ना लवंग. हे सगळं २ अंशांना ग्लासातच राहतं, नाकापर्यंत येत नाही.

तिसरी गोष्ट वायूची. द्रवात वायू किती विरघळतो याचा नियम विल्यम हेन्री यानं १८०३ मध्ये मांडला. कार्बन डायऑक्साइड पाण्यात शून्य अंशाला, हवेच्या साध्या दाबाखाली, लिटरमागे साधारण ३.३ ग्रॅम विरघळतो. २० अंशांना साधारण १.७ ग्रॅम. म्हणजे जवळपास निम्मा. म्हणून गार बिअरमध्ये वायू टिकतो आणि घोट घेतल्यावर जिभेला टोचतो. कोमट बिअर ओतताना सगळा वायू फेसात निघून जातो आणि उरतं ते मिळमिळीत पाणी. तेव्हा थंडी नुसतीच लपवते असं नाही. तरतरी तिच्यामुळेच येते. गोडी दबल्यामुळे कडूपणाला धार येते, अंगावर हलकी, स्वच्छ वाटते. तहान लागलेल्या माणसाला हेच हवं असतं.

आपल्या जुन्या शास्त्रकारांनी यातले कप्पे फार नीट पाडले होते. अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त रस हा जिभेचा विषय, गंध नाकाचा, स्पर्श त्वचेचा. रस सहा. त्यातला 'तिक्त' म्हणजे आपलं कडू आणि 'कटु' म्हणजे आपलं तिखट, तेवढं लक्षात ठेवा. बिअर तिक्त असते, कटु नव्हे. (हशा) आणि स्पर्श तीन. शीत, उष्ण आणि अनुष्णाशीत. अनुष्णाशीत म्हणजे गरमही नाही आणि गारही नाही. हा शब्द मला फार उपयोगी वाटतो, पुढे लागणार आहे. पण ग्लासातली अडचण अशी की हे कप्पे तिथे वेगळे राहत नाहीत. त्वचेचा विषय असलेली थंडी जिभेच्या विषयात हात घालते, नाकाचं दार लावून घेते. आपण म्हणतो "चव बदलली". बदललेला असतो स्पर्श.

तळघर हेच मूळ माप

आता हे वेगवेगळे आकडे आले कुठून? कुणा समितीनं बसून ठरवलेले नाहीत. ते तळघरांतून आले.

बव्हेरियात उन्हाळ्यात आंबवलेली बिअर नासायची. १५५३ मध्ये ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा यानं हुकूमच काढला की २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर बनवायची नाही. मग हिवाळ्यात आणि वसंताच्या सुरुवातीला करायची आणि डोंगरातल्या, जमिनीखालच्या गार तळघरांत साठवायची. तळघरात बर्फ भरायचा, वर सावलीसाठी पसरट पानांची चेस्टनटची झाडं लावायची. त्या झाडांखाली बाकं टाकून लोक बसायला लागले, १८१२ मध्ये तिथल्या राजानं तिथेच बिअर विकायला रीतसर परवानगी दिली, आणि म्युनिचचे प्रसिद्ध बिअर गार्डन असे झाले. साठवण्याला जर्मनमध्ये 'लागर्न' म्हणतात. तिच्यावरून 'लागर'. या थंडीत टिकणारं, तळाशी बसून सावकाश आंबवणारं यीस्ट तिथे रुजलं. ते साधारण ८ ते १३ अंशांना काम करतं आणि फळांचे वास फारसे तयार करत नाही. १८४२ मध्ये बोहेमियातल्या पिल्झन गावी योसेफ ग्रोल या बव्हेरियन कारागिरानं या पद्धतीनं पिवळीधमक, स्वच्छ, हॉप्सचा कडूपणा असलेली बिअर काढली. आज जगात खपणारी बहुतेक बिअर तिचीच नातवंडं-पतवंडं आहे.

इंग्लंडमध्ये गोष्ट वेगळी. तिथलं 'एल' प्रकारचं यीस्ट १८ ते २२ अंशांना काम करतं आणि फळांसारखे वास मोकळ्या हातानं देतं. पिंपातली बिअर पबच्या तळघरात ठेवतात, तिथेच ती शेवटची थोडी आंबते, आणि हातपंपानं वर ओढतात. तळघराचं तापमान ११ ते १३ अंश. तेच पिण्याचं तापमान. गेल्या शतकात मोठ्या कंपन्यांनी ही पद्धत मोडीत काढायला घेतली तेव्हा १९७१ मध्ये ग्राहकांनीच 'कॅम्पेन फॉर रिअल एल' ही चळवळ उभी केली. बिअरसाठी चळवळ! आणि ती अजून चालू आहे.

मधल्या काळात, १८७० च्या दशकात, कार्ल फॉन लिंडे यानं थंडी तयार करणारं यंत्र म्युनिचच्या ब्रुअरीत बसवलं. ज्या यंत्राच्या वंशात आपला फ्रिज आहे, त्याची पहिली मोठी गिऱ्हाइकं बिअर करणारी होती, हे फार लोकांना माहीत नसतं. तोपर्यंत थंडी ऋतूच्या हातात होती. आता ती माणसाच्या हातात आली, आणि प्रश्न पहिल्यांदाच खरा प्रश्न झाला. किती थंड? आधी तळघर उत्तर देत असे. आता आपल्याला द्यावं लागतं.

"इंग्रज गरम बिअर पितात"

हे वाक्य तुम्ही ऐकलं असेल. लंडनला जाऊन आलेले लोक सांगतात. खरं आहे का? १२ अंश म्हणजे महाबळेश्वरची थंडीतली पहाट. तिथे आपण शाल गुंडाळून बसतो. त्याला गरम कोण म्हणतो? ४ अंशांची सवय झालेली जीभ म्हणते.

जॉन लॉकनं १६९० च्या आपल्या ग्रंथात एक साधी गोष्ट दाखवली. एक हात गार आणि एक हात गरम असताना दोन्ही एकाच पाण्यात बुडवले तर एका हाताला ते पाणी गरम लागतं, दुसऱ्याला गार. पाणी एकच. घरी करून बघा, तीन पातेली लागतात. लॉकचा निष्कर्ष असा की 'गार' हा गुण जसा आपल्याला जाणवतो तसा पाण्यात नसतो. तो पाणी आणि हात यांच्यामध्ये घडतो. इंग्लिश एलला गरम म्हणणारा माणूस बिअरबद्दल काही सांगत नसून आपल्या फ्रिजबद्दल सांगत असतो. (हशा) खरं तर तिला अन्नंभट्टाचा शब्द शोभतो, अनुष्णाशीत. हातालाही त्रास नाही, जिभेलाही नाही, आणि म्हणून बाकीच्या इंद्रियांना काम करायला मोकळीक.

आपल्याकडे हे माठाच्या पाण्यानं माहीत आहे. उन्हातून आलेल्या माणसाला आजीनं फ्रिजचं पाणी दिलं नाही. तिनं माठातलं दिलं. ते फ्रिजइतकं गार नसतं, पण तहान भागते आणि मातीचा वासही लागतो. फ्रिजच्या पाण्याला वास नसतो. चांगल्या अर्थानंही नसतो.

आपल्याकडे बर्फ कुठून आला

हिंदुस्थानात बिअर आली इंग्रजांबरोबर, जहाजानं, पिंपांतून आणि बाटल्यांतून. मुंबई, मद्रास, कलकत्त्याच्या उन्हात ती गार करायची कशी? एक उपाय इथलाच होता, सोरा. पाण्यात सोरा विरघळवला की ते पाणी गार होतं, आणि त्यात बाटली फिरवत ठेवायची. अकबराच्या काळात पिण्याचं पाणी असंच गार करत, हे 'ऐने अकबरी'त नोंदलेलं आहे. साहेबांच्या घरी या कामाला वेगळा नोकर असे. त्याला आबदार म्हणत.

मग १८३३ मध्ये फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्यानं तिथल्या तळ्यांतला गोठलेला बर्फ कापून, भुशात गुंडाळून, 'टस्कनी' या जहाजानं चार महिन्यांचा प्रवास करून कलकत्त्याला आणला. वाटेत बराच वितळला, तरी उरलेला विकला गेला. पुढे मुंबई आणि मद्रासलाही अमेरिकेचा बर्फ येऊ लागला. मद्रासचं बर्फघर आजही उभं आहे, विवेकानंदांच्या नावानं.

तेव्हा आपल्याकडे बर्फासारखी गार बिअर ही आधी चैन होती, प्रतिष्ठा होती, आणि हवेमुळे गरजही होती. "चिल्ड आहे ना?" या प्रश्नाच्या मागे हा सगळा इतिहास उभा आहे. त्याला हसण्याचं कारण नाही. ज्या हवेत मे महिन्यात नागपूर ४५ अंशांवर जातं, तिथे गार लागरचा पहिला घोट हे सुख आहे आणि ते खरं सुख आहे.

अडचण पुढची आहे. गेल्या काही वर्षांत पुणे, मुंबई, गोवा इथे वेगळ्या प्रकारच्या बिअर मिळायला लागल्या. गव्हाच्या, आयपीए, स्टाउट. बिअर बदलली, पण प्रश्न तोच राहिला. लोक सातशे-आठशे रुपये मोजून स्टाउट घेतात, बर्फाच्या बादलीतून काढून ३ अंशांना पितात, आणि म्हणतात, "ठीक आहे, पण त्या नेहमीच्या बाटलीपेक्षा काही फार वेगळी नाही." कशी असेल?

कोणती बिअर किती अंशांना

आता आकडे देतो. लिहून घ्यायला हरकत नाही. हे आकडे ग्लासातल्या बिअरचे आहेत, बाटलीतल्या नव्हेत. एखाद-दोन अंश इकडेतिकडे चालतात.

हलकी, रोजच्या खपाची लागर: ३ ते ५ अंश. हिच्यात मुद्दामच कमी ठेवलेलं असतं. वास कमी, माल्ट कमी. तरतरी हाच तिचा गुण, आणि थंडी तो गुण वाढवते.

पिल्सनर आणि जर्मन पद्धतीची चांगली लागर: ५ ते ७ अंश. इथे हॉप्सचा वास आणि माल्टची पावासारखी चव आहे. ३ अंशांना ती निम्मी जाते.

गव्हाची बिअर: ६ ते ८ अंश. केळं आणि लवंग नाकापर्यंत यायला एवढं लागतं. याहून वर गेली तर जड वाटते.

पेल एल आणि आयपीए: ७ ते १० अंश. इथे सगळी मजा हॉप्सच्या वासात आहे. आयपीए बर्फासारखी गार घेतली तर नुसती कडू लागते, आणि मग लोक म्हणतात, "कडू औषध आहे."

पोर्टर आणि साधी स्टाउट: ८ ते १२ अंश. कॉफी, कोको, भाजलेली कड. कॉफीची उपमा चालवायची तर थंड कॉफी आणि कोमट कॉफी यांत सुगंध कुठे असतो ते आठवा. नळातून येणारी, नायट्रोजनची मऊ साय असलेली स्टाउट मात्र थोडी गार, ६-७ अंशांना देतात.

बेल्जियमच्या मठांतल्या धर्तीच्या बिअर: ८ ते १२ अंश, रंगानं गडद असेल तर वरच्या बाजूला. तिथल्या कित्येक बाटल्यांवर तापमान छापलेलंच असतं.

इंग्लिश पिंपातली बिटर: ११ ते १३ अंश. तळघर.

इम्पीरियल स्टाउट, बार्लीवाइन: १२ ते १५ अंश. यांत अल्कोहोल ९-१० टक्क्यांच्या पुढे असतं. छोट्या ग्लासात, सावकाश, तासभर.

पाठ करायची नसेल तर सूत्र सोपं आहे. रंग गडद, अल्कोहोल जास्त, यीस्टचा वास जास्त, तर तापमान वर. रंग फिका, अंग हलकं, तर खाली. आणि ज्या थंडीत ती तयार झाली, त्याच्या जवळपास ती प्यावी.

या सूत्राला आपल्याकडचा एक अपवाद. महाराष्ट्रात 'स्ट्राँग' म्हणून जी बिअर विकली जाते, ५ टक्क्यांच्या वर ८ टक्क्यांपर्यंतची, ती जात्याच लागर आहे. सूत्राप्रमाणे अल्कोहोल जास्त म्हणून ती १२ अंशांना घेऊन बघा. गोडसर, आणि घशाला अल्कोहोलची झळ. ती गारच घ्यायची असते, कारण तिच्यात थंडीनं झाकण्याजोगं जास्त आणि उघडण्याजोगं कमी असतं. हा दोष आहे असं मी म्हणत नाही, पण काय चाललं आहे ते पिणाऱ्याला माहीत असावं. अमेरिकेत एका प्रसिद्ध हलक्या बिअरच्या बाटलीवर अशी शाई वापरतात की पुरेशी गार झाली की चित्रातले डोंगर निळे होतात. बाटलीच सांगते, "आता प्या." आता म्हणजे जेव्हा सर्वांत कमी कळेल तेव्हा. (हशा)

मग आवडीचं काय?

इथे कुणीतरी म्हणेल, "सर, हे सगळं ठीक. पण मला थंडच आवडते. आवडीला प्रमाण कसलं?"

डेव्हिड ह्यूमनं १७५७ मध्ये रुचीच्या प्रमाणावर एक निबंध लिहिला. त्यात 'डॉन किखोते' मधला एक किस्सा त्यानं घेतला आहे. सांचोच्या दोन नातेवाइकांना एका पिंपातल्या वाइनची परीक्षा करायला बोलावलं. एक म्हणाला, चांगली आहे, पण किंचित चामड्याची चव लागते. दुसरा म्हणाला, चांगली आहे, पण लोखंडाची चव लागते. लोक दोघांनाही हसले. पिंप रिकामं झाल्यावर तळाशी एक जुनी किल्ली सापडली, चामड्याच्या वादीला बांधलेली.

या गोष्टीत ह्यूमचा मुद्दा असा की चव केवळ मनाचा खेळ नाही. जिभेला जे लागलं त्याचं कारण वस्तूत होतं. पण माझी त्यात एक भर आहे. ती वाइन बर्फात ठेवून ३ अंशांना दिली असती, तर दोघांनाही काही लागलं नसतं. दोघंही म्हणाले असते, "फर्स्ट क्लास." आणि किल्ली पिंपातच राहिली असती. ह्यूम स्वतःच म्हणतो की निवाड्यासाठी इंद्रियं ठाकठीक हवीत. मी म्हणतो, वस्तूही निवाड्याला योग्य स्थितीत हवी.

आता आवडीच्या प्रश्नाचं उत्तर. दोन मित्र एकाच स्टाउटवर वाद घालताहेत. एकानं ती ३ अंशांना घेतली, दुसऱ्यानं १० अंशांना. पहिला म्हणतो साधारण, दुसरा म्हणतो उत्तम. त्यांच्यात मतभेद आहे का? माझ्या मते नाही. मतभेद व्हायला दोघांच्या समोर एकच वस्तू हवी. इथे बाटली एक होती, पण जिभेपुढे आलेल्या वस्तू दोन होत्या. दोघांनी १० अंशांना घ्यावी. त्यानंतरही पहिल्याला नाही आवडली, तर ती त्याची आवड, आणि तिथे मी एक अक्षर बोलणार नाही. आवडीचं स्वातंत्र्य ऐकून घेतल्यानंतर सुरू होतं. साक्षीदाराच्या तोंडावर हात ठेवून त्याची साक्ष नापसंत केली, तर त्याला न्याय म्हणत नाहीत.

आणि योग्य तापमान म्हणजे एकमेव तापमान असंही नाही. ते हेतूवर ठरतं. तहान भागवायची आहे, तर गार लागर, आणि तिथे १२ अंशांचा आग्रह धरणारा माणूस नुसता कंटाळवाणा. पण बिअर कळून घ्यायची आहे, तर तिला बोलू द्यायला हवं. ज्याला दोन्ही येतं तो खरा रसिक. बाकी सगळी मिरवामिरव.

चाळीस वर्षं शिकवल्यामुळे मला एका गोष्टीचं वाईट वाटतं. माणसं फार लवकर स्वतःबद्दल निकाल देतात. "मला शास्त्रीय संगीत कळत नाही", "मला कविता कळत नाही", "मला बिअरमधला फरक कळत नाही". कितीतरी वेळा ती वस्तू त्यांच्यापुढे अशा स्थितीत आलेली असते की कुणालाच कळली नसती. आपल्याला जाण नाही असं म्हणण्याआधी परिस्थिती एकदा तपासावी. बिअरच्या बाबतीत ती तपासायला अर्धा तास आणि दोन ग्लास पुरतात.

घरी करायचं काय

प्रयोग सांगतो. एकाच स्टाउटच्या किंवा आयपीएच्या दोन छोट्या बाटल्या घ्या. दोन्ही फ्रिजमध्ये. फ्रिज साधारण ४ अंशांचा असतो. एक बाटली पंचवीस मिनिटं आधी बाहेर काढून ठेवा. मग दोन्ही शेजारी शेजारी ओता. आधी वास घ्या, मग घोट. कोणती कोणाची हे न सांगता घरातल्या दुसऱ्या माणसाला द्या. त्याला दोन वेगळ्या बिअर वाटण्याची शक्यता बरीच आहे.

ग्लास लक्षात घ्या. तीस अंशांच्या खोलीतल्या जाड काचेच्या ग्लासात ४ अंशांची बिअर ओतली तर काच तिला आपली उष्णता देते, आणि ती ८ अंशांच्या आसपास जाऊन थांबते. हिशोब करून बघा, साधं भौतिकशास्त्र आहे. त्यानंतर आपल्या हवेत साधारण दोन-तीन मिनिटांना एक अंश वाढत जातो. म्हणून लागर प्यायची तर ग्लास आधी थंड पाण्यानं विसळून घ्या. स्टाउट प्यायची तर काही करू नका, काच तुमचं काम करते आहे.

फ्रीजरमधला बर्फाळलेला मग मात्र टाळा. वरचा बर्फ वितळून बिअर पातळ होते, फेस बेताल येतो आणि ओठ-जीभ बधिर होतात. आणि बाटली फ्रीजरमध्ये विसरू नका. ५ टक्क्यांची बिअर उणे २ अंशांच्या जरा खाली गोठते, गोठताना फुगते, आणि बाटली फुटते. घाई असेल तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ. नुसत्या बर्फापेक्षा पाण्यातला बर्फ लवकर गार करतो, कारण पाणी बाटलीला सगळीकडून चिकटतं. पंधरा-वीस मिनिटं बास.

आता काही प्रश्न असतील तर घेऊ.

प्रश्न: गार केलेली बिअर बाहेर काढून परत फ्रिजमध्ये ठेवली तर खराब होते, असं म्हणतात.

उत्तर: एकदा-दोनदा गार-कोमट झाल्यानं काही बिघडत नाही. बिघडते ती दीर्घकाळच्या उष्णतेनं आणि प्रकाशानं. उन्हात उभ्या ट्रकमध्ये, दुकानाच्या वरच्या फळीवर महिनोन्‌महिने राहिली की तिला ओल्या पुठ्ठ्याची चव येते. आणि उजेडानं हॉप्समधली द्रव्यं बदलून उग्र, घाणेरडा वास येतो. बाटल्या तपकिरी असतात त्या याचसाठी. तेव्हा साठवण्याचं तापमान आणि पिण्याचं तापमान हे दोन वेगळे प्रश्न आहेत. साठवण गार आणि अंधारात, प्रकार कोणताही असो. पिण्याच्या वेळी मग प्रकाराप्रमाणे.

प्रश्न: आमच्याकडे काही जण ग्लासात बर्फ टाकून घेतात. त्याचं काय?

उत्तर: बर्फाच्या खरखरीत पृष्ठभागावर वायूचे बुडबुडे सुटतात, म्हणजे ज्या तरतरीसाठी बर्फ टाकला तीच निघून जाते. वर पाणी मिसळतं. बिअर गार नसेल तर बादलीत पंधरा मिनिटं थांबणं बरं. पण भर उन्हाळ्यात कुणाच्या अंगणात कोमट लागर पुढे आली आणि दुसरा उपाय नसेल, तर मी बर्फ नाकारणार नाही.

प्रश्न: (एक श्रोती) मी घेत नाही. पण सोलकढीला हे लागू होतं का? हॉटेलात बर्फगार देतात, घरची तशी लागत नाही.

उत्तर: अगदी लागू होतं, आणि हे उदाहरण माझ्या सगळ्या उदाहरणांपेक्षा चांगलं आहे. नारळाच्या दुधात स्निग्धता असते. ते फार गार झालं की टाळूला चिकटल्यासारखं लागतं आणि कोकमाचा, लसणीचा वास दबतो. कोकणातल्या घरात ती काढून लगेच, घराच्या हवेइतकीच ठेवून देतात. अनुष्णाशीत. हॉटेलवाल्याला ती सकाळी करून संध्याकाळपर्यंत टिकवायची असते, म्हणून त्याचं साठवणीचं तापमान तुमच्या पेल्यात येतं. त्याला सांगा, वाटी आणा आणि दहा मिनिटं इथेच राहू द्या. तो बघेल विचित्र नजरेनं. बघू दे.